राग पायाले द्या

पायदळ काका कुणाच्याही गाडीवर मागे बसत नसत. साकोलीत कुणी गाडी थांबवून "काका, बसा, सोडून देतो" म्हटलं, की ते हातानेच "जा पुढे" अशी खूण करायचे. मे महिन्यातलं ऊन असलं तर डोक्याला दुपट्टा बांधायचे, एवढाच फरक. आमच्या भागात चालत जाण्याला पायदळ जाणं म्हणतात, त्यावरून गावाने त्यांना हे नाव दिलं. खरं नाव लोकांना कळलं ते काका गेल्यावर, चौकातल्या फ्लेक्सवर. त्या फ्लेक्सवरून माझं डोकं अजून तापलेलं आहे, पण तिकडे मी वळणारच आहे.

माझं दुकान महामार्गाला लागून आहे, जुन्या मोटारसायकली घेण्या-विकण्याचं. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते या जिभेवर कमावलं. काका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन साकोलीत राहायला आले आणि आपली स्कूटर विकायला माझ्याकडे आले. टायर घासले आहेत, इंजिन आवाज करतं, स्कूटर आता कोण घेतं, असं मी रीतीप्रमाणे सगळं बोलून घेतलं. त्यांनी ऐकलं आणि स्कूटर ढकलत निघाले.

गिऱ्हाईक उठलं की त्याला थोडं पुढे जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची, ही माझी पद्धत. मी हाक मारली. ते थांबले नाहीत. मागे धावलो, तर नाल्याच्या पुलाजवळच माझा दम संपला. एक म्हातारा माणूस स्कूटर ढकलत चालला होता आणि तो मला गाठता येत नव्हता. मी कठड्यावर बसून धापा टाकत होतो, तेव्हा तेच परत आले. म्हणाले, "सेठ, भाव तुमचाच राहू द्या. पन उद्यापासून सकाळी माह्या घरी पायदळ या. कबूल असन तं स्कूटर ठेवा." आपण सौदा मारला, असं मला वाटलं.

तेव्हा माझे गुडघे दुखत होते. साखर वाढली म्हणून डॉक्टर घाबरवत होते आणि घाबरून मी भात बंद केल्याचं घरात जाहीर केलं होतं. धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाने भात बंद करायचा, म्हणजे घरात रोज भांडण. बायको ताटात पोळी वाढायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. आठवडा संपायच्या आत मी पातेल्याशीच सापडायचो. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालताना हे काकांना सांगितलं, तर ते हसले. "तुमी कोनाचा भाव एका फटक्यात अर्ध्यावर आनता का? समोरचा उठून जाते. मंग पोटासंग असा अडाणी सौदा काहून करून राहिले?"

माझ्याच धंद्यातलं मला ऐकवलं, म्हणून मी चिडलो. पण बोलणं खरं होतं. मग आधी वरण आणि भाजी, भात शेवटी, असं सुरू केलं. भाताचं पातेलं चुलीजवळच ठेवायचं, ताटाशेजारी आणायचं नाही. हवा असेल तर उठून घ्यायचा. मी आळशी माणूस, दुसऱ्यांदा कोण उठतो? तेवढं अंगवळणी पडलं, की मग चहातली साखर. मग दुकानात गाडीऐवजी पायी. एक सवय बसल्याशिवाय ते पुढचीचं नाव काढत नसत. मी घाई केली, की म्हणायचे, "तुमी जलमभर जेवनार आहा का नाही?"

ते स्वतः बाजाराच्या दिवशी जिलेबी खायचे. रस्त्यावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश. मी एकदा टोमणा मारला, तर मलाही एक कडं दिलं आणि म्हणाले, लपून खाल्लेली जिलेबी एकटी राहत नाही, आणखी चार घेऊन येते.

माझी खरी गोम त्यांनी चौकात पकडली. सिहोऱ्याचा एक माणूस मोटारसायकलचा ठरलेला सौदा मोडून गेला होता. मी टपरीवर उभा राहून आलूबोंड्यांवर राग काढत होतो. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"सेठ, भूक लागली का राग आला?"

"राग," मी तोंड भरलेलं असतानाच म्हणालो.

"मंग राग पायाले द्या. पोटाले कायले देता?"

प्लेट तशीच ठेवून मी तलावापर्यंत गेलो. जाताना त्या सिहोऱ्याच्या माणसाला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कधी कुणाला दिल्या नसतील. परत आलो तेव्हा भूक नव्हती. मला राग रोजच येतो, त्यामुळे चालणं भरपूर झालं. पँट ढिली पडायला वर्ष लागलं. गुडघे जिने चढू लागले. काकांनी कौतुक केलं नाही. "पाय तुमचेच होते," एवढंच म्हणाले.

त्यांचा पुतण्या वजन कमी करायची पावडर विकतो. चौकातच त्याचं सेंटर आहे. एकदा तो डबा घेऊन काकांकडे आला, तेव्हा मी तिथेच होतो. जेवणाऐवजी हे प्यायचं, असं तो समजावत होता. काकांनी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, वजन उतरेपर्यंत. काका म्हणाले, "आनि मंग जेवाचं कसं, हे कोन शिकवन?" डबा त्यांनी न उघडताच परत दिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागच्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. घाटावर एक जण कुजबुजला, इतकं चालून काय भेटलं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "चालाले भेटलं ना. तुले तं तेही नाही भेटत." लोकांनी मला बाजूला नेलं.

आणि तेरवीच्या आदल्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर हार घातलेले काका, खाली ‘आमचे प्रेरणास्थान’. त्याखाली माझे दोन फोटो, एक कुठल्यातरी लग्नातला जाडा, एक आताचा. आणि त्याखाली सेंटरचा पत्ता. ज्या माणसाने डब्याचं झाकण उघडलं नाही, तो मेल्यावर पावडर विकत होता. आणि मी त्याचा पुरावा.

मी पुतण्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमचंच नाव होऊन राहिलं. येनाऱ्या गिऱ्हाइकामागं तुमचंही काही पाहू." मला बोली लावत होता. मला! दुकानातून कात्री आणली, दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स गुंडाळून काकूंकडे घेऊन गेलो.

काकूंनी तो अंगणात पसरवला आणि बराच वेळ पाहिला. "फोटो चांगला आला ह्यांचा," म्हणाल्या. मग छापलेली बाजू खाली करून धानाच्या पोत्यांवर अंथरला आणि कडेला विटा ठेवल्या. माझा राग अजून उतरला नव्हता. स्वयंपाक झालेला होता, पोपटाच्या शेंगांच्या भाजीचा वास येत होता. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आत्ता नोका जेवू, भाऊ. पाळीवरून जाऊन या. मी थांबन."

काकूही बोलतात थेट काकांसारख्याच. मी गेलो. अंधार पडायला लागल्यावर परत आलो, तेव्हा त्यांनी खरंच ताट वाढलेलं नव्हतं.

पुतण्याने आठवडाभरात नवा फ्लेक्स लावला, पहिल्याहून मोठा, कात्री पुरणार नाही इतक्या उंच. दुकानात जायला जवळचा रस्ता आहे, पण मी रोज त्या चौकातूनच जातो, पायदळ, दोन्ही वेळा.