मी मुका केलेला बॉक्स

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते — तुम्ही काही आमच्या घरी येऊन ह्यांच्यासमोर चहाला बसणार नाही.

आमचे हे, यशवंत, जन्मापासून आंधळे. सोलापुरात सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायचे, आणि त्याला सर्दी झाली असेल तर तेही. लग्न ठरलं तेव्हा जेऊरच्या माझ्या मावश्यांनी डोळ्याला पदर लावला होता. मी मात्र त्यांचा आवाज ऐकून होकार दिलेला. तो आवाज मला अजून आवडतो — हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटेल.

आमच्या घरात टीव्ही दोघांचा. ऐकायचं त्यांनी, बघायचं मी. “आता का गप झाले गं सगळे?” ते विचारायचे. मी सांगायची, “सासू दारात उभी आहे. सुनेच्या हातात चिठ्ठी आहे.” कधी कधी थोडी फोडणीही द्यायची. नायिकेच्या साडीचा रंग मला आवडेल तो. खलनायकाला मिशा नसल्या तर मी लावायची. ते खदाखदा हसायचे. म्हणायचे, “पिक्चर काढणाऱ्यानं तुला इचारून काढायला पायजे होता.”

असं वर्षानुवर्षं चाललं. मग मुलीनं पुण्याहून टीव्हीचा नवा बॉक्स पाठवला.

बसवायला आलेल्या माणसानं सगळं जोडलं, रिमोट ह्यांच्या हातात दिला, आणि बॉक्स बोलला! बटण दाबलं की चॅनेलचं नाव सांगायचा, कार्यक्रम कुठला ते सांगायचा, आवाज किती वाढवला तेही. बाईचा आवाज होता. मराठी नावं जरा वाकडी उच्चारायची, पण आवाज गोड. हे तर लहान मुलासारखे हरखले. दिवसभर रिमोट खाली ठेवेनात. बातम्या स्वतः लावल्या, कुस्ती स्वतः शोधली. आणि मला हाक मारून म्हणाले, “अगं, ही सगळं सांगती की!”

ही.

आमच्याकडे ‘ही’ म्हणजे मी. इतकी वर्षं दुसरी कुणी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल — एवढ्यावरून? काय सांगू? ती वटवट डोकं उठवायची, असं सांगू शकते. तिचे उच्चार चुकीचे होते, असंही म्हणता येईल. पण ते काही खरं नाही. त्या संध्याकाळी मालिका लागली आणि “कुठलं चॅनेल हाय?” असं मला कुणी विचारलं नाही. तेवढंच झालं होतं.

दोन-तीन दिवसांनी हे बाहेर शेजाऱ्यांशी गप्पा मारत होते. मी सेटिंगमध्ये गेले आणि तो आवाज बंद करून टाकला.

आत आल्यावर त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “काय झालं गं हिला?”

“बिघडला वाटतं,” मी म्हणाले. मेथी निवडत होते. मान वरसुद्धा केली नाही.

मग काय — एका खोट्यानं भागतं थोडंच? मेकॅनिकला फोन केल्याचं सांगितलं. येतो म्हणाला, मग आला नाही, मग पार्ट मिळत नाही म्हणाला. त्यांनी सगळं मानलं. का नाही मानणार? आमच्या घरात मी जे दिसतंय म्हणून सांगते, तेच असतं.

आणि खरं सांगू? संध्याकाळी मी खूश असायची. पुन्हा माझी साडी, माझ्या मिशा. दुपारी मात्र मी गणवेश शिवायच्या कारखान्यात असते. दुपारी हे एकटे काय करतात, हे मी विचारलं नाही. विचारायचं टाळलं म्हणा.

पुढे भाचीच्या साखरपुड्याला मी जेऊरला गेले. ह्यांना यायचं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. बार्शीचे माने ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, तेही आंधळे. भजनं सुंदर म्हणतात. त्यांचं गाणं त्या दुपारी पहिल्यांदा टीव्हीवर लागणार होतं. मी चॅनेल लावून निघाले. पण मध्येच वीज गेली, आणि आल्यावर बॉक्स भलत्याच चॅनेलवर सुरू झाला. नव्या बॉक्सवर सगळे नंबर बदललेले. शेजारी कुलूप.

मी परतले तेव्हा टीव्हीवर कुणीतरी भांडी विकत होतं. हे रिमोट हातात धरून बसलेले.

“समदी चॅनेलं फिरलो,” म्हणाले. “एका ठिकाणी भजन लागलं. पण तो मान्या न्हवता.”

मी पिशवी खाली ठेवून टीव्ही बंद केला.

“त्याचा फोन येऊन गेला. लई झकास झालं म्हणून सांगितलं मी. तू बी तसंच सांग, काय? खट्टू होईल गडी.” आणि हसले. नेहमीसारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी आवाज चालू केला. बाहेर आले तसं सांगितलं, “मेकॅनिक येऊन गेला.”

“एवढ्या सकाळी? च्या दिलास का त्याला?”

“दिला की.”

बॉक्स बोलला तसे ते टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच खाली बसले. घर पुन्हा गजबजलं. आता दुपारी मी कारखान्यात असते तेव्हा कुस्त्या ऐकतात, जुनी गाणी ऐकतात. मालिका लागली की मला हाक मारतात, “ये, तुझं सुरू झालं बघ.” चित्र मीच सांगते. ते कधी बंद झालंच नव्हतं. त्या बाईला चित्र कुठं दिसत होतं?

परवा मान्यांनीही तसाच बॉक्स घेतला. तो बोलेना, म्हणून त्यांनी ह्यांना फोन केला. मी आत भाकरी थापत होते.

“घाबरू नको रे,” हे सांगत होते. “आमचाबी असाच बिघडला होता. पण सुजातानं मेकॅनिकचा पिच्छा सोडला न्हाय. अशी बायको पायजे बघ.”

तो बिघडलेला नव्हता. मी बंद केला होता.

मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि दुसरी थापायला घेतली.