फ्रिजवरचा बोर्ड कोणी पुसला?

परवा संध्याकाळी बोईसरला घरी पोचले आणि बघते तर फ्रिजवरचा बोर्ड कोरा... सकाळी लिहिलेला माझा शब्दच गायब होता.

आधी बोर्डाचं सांगते. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे, पावसाळ्यापासून सलग नाईट. मी पालघरला लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट टाईप करते. तो घरी येतो तेव्हा मी स्टॉपवर, मी येते तेव्हा तो गेलेला... रविवारी तो झोपतो आणि मी कपडे धुते.

बोर्ड आणला होता किराणा लिहायला. एकदा त्यानं 'एलिफंट' लिहून ठेवलं आणि खाली लिहिलं, यातली मुंगी शोध. मी शेवटच्या 'अँट'ला गोल केला... तिथून आमचा खेळ सुरू झाला. एकानं मोठा इंग्रजी शब्द लिहायचा, दुसऱ्यानं आतले छोटे शोधायचे.

'डेंजर'मध्ये मला 'अँगर' सापडला. 'शिफ्ट'मधून त्यानं 'हाय' आणि 'इफ' काढले, आणि खाली लिहिलं, लवकर सुटलो तर हाय करीन. तो काही लवकर सुटला नाही. पण मी दिवसभर एकटीच हसत होते.

हल्ली मात्र त्याचे गोल कमी झाले. कधी एखादाच, कधी नुसतीच रेघ... म्हटलं, कंटाळला. आणि खोटं कशाला बोलू, भीती वाटायला लागली. बोर्ड सोडला तर आमच्यात बोलणं असं उरलंच नव्हतं.

म्हणून परवा सकाळी मुद्दाम 'हजबंड' लिहिलं. त्यातला 'बँड' कोणालाही दिसतो, तो आमचा रोजच वाजतो. पण त्याच्या आधी यू आणि एस बसलेत... 'अस'. आपण दोघं. एवढा एक गोल त्यानं करावा, बाकी काही नको, असं घोकत दिवस काढला.

आणि घरी येऊन बघते तर सगळं स्वच्छ पुसलेलं. पर्स खांद्यालाच होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी.

सासूबाई घिवलीहून राहायला आल्यात. ओट्यापाशी बसून जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच पुसला तो. सकाळी पेन हातात धरून उभ्या उभ्या झोपला माजा पोर. तुमी दोगं फ्रिजशी बोलता, मानसाशी कदी बोलनार?"

मी खांद्यावरची पर्स काढून ठेवली. त्या पुढे म्हणाल्या, "आत हाय तो. आज कामाला नाय सोडला मी. जा बाय, हातपाय धू."

खरंच आत होता... बनियनवर, केस विस्कटलेले, पलंगावर बसून माझी वाट बघत. किती दिवसांनी दिवेलागणीला मी त्याला घरात बघत होते.

तिघं एकत्र जेवलो. जवळा, भाकरी, कांदा. फार बोललो असंही नाही, त्याला घासागणिक जांभई येत होती. शेवटी न राहवून मी विचारलंच, सकाळी शब्दात काय दिसलं?

"शब्द कुठे वाचला मी," तो म्हणाला. "तुझं अक्षर बघत होतो. आधी किती सरळ काढायचीस... आता ओळ पार खाली उतरते. तू पण खूप दमलीस गं."

मी उठून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. मी इतके दिवस त्याचे गोल मोजत बसले होते, आणि तो माझं अक्षर बघत होता.

त्याची नाईट काही बदललेली नाही, माझे रिपोर्टही तेवढेच आहेत. सासूबाई बोर्डाचं पेन कुठे ठेवलंय ते सांगत नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही. त्यांचे उपकार आहेत... दर रविवारी एकत्र जेवायचं, एवढंच ठरलंय. झोप आली तर ताटावर पेंगायचं, पण समोरासमोर.