तापाशिवाय ब्रेड-बटर

गोष्टीच्या पुस्तकांतली पोरं घरचं जेवतच नाहीत. भूक लागली, ब्रेड-बटर. चोर पकडला, ब्रेड-बटर. आई बिचारी फक्त टोपली भरून देण्यापुरती. ही पुस्तकं वाचून माझ्या लेकीने डोक्यात घेतलं, की आठवा वाढदिवस गच्चीवर चादर अंथरून ब्रेड-बटर खाऊनच करायचा. शिवाय सोबत बसून खाणारं कोणीतरी हवं, कारण पुस्तकात एकटं कोणी खात नाही. मैत्रिणी सगळ्या सुटीत गावी गेलेल्या.

पुस्तक लिहिणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना पाहिलेला नसतो. सकाळीच बटरचं पाणी व्हायला लागलं. माझा नवरा म्हणजे चालतंबोलतं सामान्यज्ञान. बटर पिवळं का असतं, ब्रेड आधी कोणत्या देशात फुगला, सगळं उभ्याउभ्या सांगून झालं आणि स्वारी तर्री-पोहे खायला चौकात पसार.

तेवढ्यात नवऱ्याचे मोठे काका आले. उमरेडचे, जन्म हातमागावर गेलेला. गांधीबागेच्या कापडबाजारात काम होतं म्हणून सकाळीच निघालेले. चादरीवर बसलेली पोर आणि पुढ्यात ब्रेड पाहून त्यांचा चेहरा उतरला. तिच्या कपाळाला हात लावून मला म्हणाले, "सूनबाई, कवापासून ताप हाय पोरीले?"

"ताप नाही, मोठेबाबा. आवडीने खाते."

आवडीने कोणी ब्रेड खातं, हे त्यांना पटेना. सून आजार लपवते आहे असं समजून ते खाली गेले आणि फोन लावत बसले. झालं. तासाभरात प्रताप नगरातले सगळे नातेवाईक मोसंब्या घेऊन गच्चीवर हजर. जो येईल तो कपाळ चाचपतो. चुलत जाऊबाईंनी तर शहाळं आणलं. लेक प्रत्येकापुढे बशी धरत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "राहू दे बाई, पेशंटचं आहे."

"आई, कोणीच नाही खाऊन राहिलं," ती म्हणाली. डोळे भरलेले.

माझं टाळकं सटकलं. "कोणी आजारी नाही. वाढदिवस आहे तिचा," मी सगळ्यांना ऐकवलं. "मोसंब्या घरी न्या नाहीतर इथे बसून खा."

मोठेबाबा गुडघे धरत चादरीवर बसले.

"दे वं मलेबी एक," ते लेकीला म्हणाले. "आम्ही सात भावंडं. ब्रेड फक्त बिमार पोराले भेटे. बाकीचे सारे बिमार पडले, मलेच कधी ताप नाही आला."

लेकीने डोळे पुसले आणि पुस्तकातल्यासारखा जाड थर लावून दिला. बटर त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. त्यांनी सावकाश चावून सगळं संपवलं. कसं लागलं, असं तिने विचारलं.

"काही खास नाही वं," ते म्हणाले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.