डबल बेल

जगातला कुठलाही डबा रिकामा झाला की त्याचा पुनर्जन्म मलकापुरात, आमच्या शेजारच्या काकांच्या अंगणातच होतो, अशी माझी पक्की श्रद्धा आहे. रंगाचा असो, तुपाचा असो, कुणाच्या लग्नातला रसगुल्ल्यांचा असो. काका त्याची चूल करतात. सहलीला न्यायची चूल! मोठ्या डब्यात लहान डबा बसवायचा, दोन्हींना भोकं पाडायची आणि आत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या. मधल्या पोकळीतून हवा तापून वर येते आणि धूरसुद्धा जळून जातो, असा त्यांचा सिद्धान्त. आमच्या घरी तर तेल संपायच्या आधीच ते डब्याच्या तब्येतीची चौकशी करून जातात.

काका एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म गर्दीत गेला. आता काकू नाहीत, मुलगी नागपूरला नांदते, आणि काका अंगणातल्या मांजराला "पुढे सरका" म्हणतात. चहा उकळला की त्यांची पक्कड डब्यावर दोनदा वाजते. टण टण. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा! मी हातातलं काम टाकून निघतो. भांडं बरोबर दोन कपांचं. एकट्यासाठी त्यांनी चूल पेटवलेली मी कधी पाहिली नाही.

"कशी वाटते, भाऊ?"

"धूर येऊन राह्यला, काका."

"येनारच! खालची भोकं लहान पडली. उद्या या, दुसरी करतो."

सहलीचं विचारलं की म्हणायचे, "आधी चूल तं जमू द्या!"

गेल्या आठवड्यात ती जमली. निळसर ज्योत, धुराचा मागमूस नाही. मी पडलो नाटकी माणूस. उठून टाळ्याच वाजवल्या. "फर्स्ट क्लास, काका! एक खोट नाही. काढा आता सहल!"

काका चुलीकडे पाहत राहिले. "मंग झालं म्हना आता," म्हणाले आणि पक्कड डब्यावर आपटली. टण. एकदाच. एक बेल, म्हणजे गाडी थांबवा.

त्यानंतर शेजारची ठोकाठोक बंद. शेवटी काल संध्याकाळी मीच न बोलावता गेलो. काका ओट्यावर बसलेले, चूल गार, बाजूला दोन कप पालथे.

"काऊन आले, भाऊ? चूल तं जमली."

"पेटवा तर खरी."

पेटवली. ज्योत अगदी निर्मळ. मी खोकलो, डोळे चोळले, पदर असता तर तोही नाकाला लावला असता. "धूर येऊन राह्यला, काका!"

काका वाकले. डोळे बारीक करून त्या ज्योतीकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"हाव," ते हळूच म्हणाले, "येऊन तं राह्यला. उद्या दुसरी करून पाहू."

आणि त्यांनी पक्कड उचलली. टण टण.

गाडी सुटली. प्रवासी दोनच होते.