सासऱ्यांचा माळ आणि माझी वणवाबंदी

पालेगावात सासऱ्यांचा उताराचा माळ आहे. भोवती टॉवर उगवले, तरी त्यांनी तो विकलेला नाही. दर फाल्गुनात ते त्याला काडी लावायचे. का, तर वडील लावायचे. आवळ्या-पळसाची रोपं वर्षभर कशीबशी तग धरायची आणि पुढच्या फाल्गुनात भाजून निघायची.

शिरगावच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्या बाळगणाऱ्या मला निसर्गाचा पुळका आला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी तज्ज्ञ झालोच होतो. ऐन जेवताना सासऱ्यांना सुनावलं, "आग बंद करा, जंगल आपोआप होईल!" जावयाला हाकलायची पद्धत नसल्याने त्यांनी ऐकलं. हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तर मला अंगठेच अंगठे.

पहिल्या वर्षी गवत कमरेला लागलं. मग घाणेरीचं काटेरी झुडूप शिरलं आणि दोन-तीन वर्षांत त्याने माळ गिळला. त्याच्या सावलीत फोडशी उगवेना. फोडशी म्हणजे गवतासारखी दिसणारी पावसाळी रानभाजी. सासूबाई ती चणाडाळ घालून करतात, आणि माझं सासरप्रेम मुख्यतः त्या ताटावर उभं आहे.

"जावईबापू, यंदा घाणेरीची भाजी करू का?" सासूबाईंनी विचारलं. "फोडशी गेली, तर तुमचं आषाढातलं बोलावणंपन गेलं!"

आता मात्र मी खरोखर वाचन केलं. दरवर्षी जाळलं, तर आगीला पुरून उरणारं तेवढंच उरतं. कधीच नाही जाळलं, तर सगळ्यांत दांडगं असेल ते माजतं. मधे काही वर्षांची उसंत दिली, तर गवत, फुलं, रोपं सगळीच नांदतात. म्हणजे सासरे चुकले होते आणि मीही. मी फक्त भाषण देऊन चुकलो होतो.

अंग ओरबाडून घेत घाणेरी उपटली, फाल्गुनात आग पसरू नये म्हणून कडेने गवत काढून पट्टा मोकळा केला आणि अर्धाच माळ पेटवला.

"म्हंजे बंदी आम्हाला, काडी तुम्हाला?" सासरे म्हणाले.

हौसेने त्या आगीचा फोटो टाकला, तर त्याच ग्रुपने मला पर्यावरणाचा वैरी ठरवलं.

आषाढात जळलेल्या अर्ध्यात फोडशी तरारून आली. मी पिशवी भरून आणली. सासूबाईंनी ओटीवर ओतली आणि निवडायला बसल्या. "हे म्हशीला. हेपन म्हशीला." शेवटी फोडशी उरली मूठभर.

मग त्या स्वतः गेल्या आणि ओचा भरून आल्या. मला वाढता वाढता सासऱ्यांना म्हणाल्या, "उरलेल्या अर्ध्याला काडी कधी लावायची, ते यांना विचारा. खुडायला तेवढं पाठवू नका."