रोज सकाळी टीव्हीचा रंग कोण कमी करायचं?

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. अजूनही नाही... म्हणजे ही एक गोष्ट सोडून! माझी सगळी नोकरी तळोज्याला, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये गेली. शेड मॅच करणं हे माझं काम. दोन निळ्या चिंध्या शेजारी ठेवा, तुम्हाला सारख्या दिसतील, मला नाही दिसणार. त्यामुळे कोणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी म्हणायची, "सॅम्पल आणा, तपासून सांगते."

तुमच्या या सदरात मी सगळ्यांचे अनुभव वाचते. पिंपळ असतो, पैंजण असतात, सुनसान रस्ता असतो. माझ्याकडे यातलं काही नाही बाई. माझ्याकडे जुईनगरमधली वन रूम किचनची जागा आहे, तिसरा मजला, सकाळचं लख्ख ऊन आणि एक टीव्ही.

साल असेल पंचाण्णव किंवा शहाण्णव. घरात मी, माझा नवरा सतीश आणि सासरे, म्हणजे बाबा. सासूबाईंना, म्हणजे आईंना, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई आणि बाबा यांच्यात गोड बोलणं असं मी कधी ऐकलंच नाही. जे काही बोलणं व्हायचं ते टीव्हीच्या रंगावरून. आमच्या जुन्या टीव्हीला कलरचं एक गोल बटण होतं. बाबा ते पिळून पिळून शेवटपर्यंत न्यायचे. का? तर म्हणे, "कलरचे पैसे मोजलेत, कलर दिसायला नको?" आई म्हणायच्या, "अहो, ती बातम्या देणारी बाई आहे की गुळांबा? माणसाचा रंग माणसासारखा दिसू द्या की!" त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "मग ब्लॅक अँड व्हाइटच घ्यायचा होतास!"

आईंची पद्धत अशी, की सकाळी देवापुढे दिवा लावला की पहिलं काम ते बटण मागे फिरवायचं. बाबा आंघोळीला गेलेले असायचे. बाहेर येऊन बघतात तर रंग फिका. मग जी काय जुंपायची म्हणता! रात्री बाबा परत फुल करून झोपायचे आणि सकाळी आई परत कमी करायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घाबरले होते, वाटलं हे दोघं एक दिवस एकमेकांचा जीव घेणार. सतीश म्हणाला, "अगं, त्यांचं असंच असतं. त्यांना करमत नाही त्याशिवाय."

आई गेल्या आणि बाबा गप्प झाले. गप्प म्हणजे किती, तर "जेवायला वाढू?" म्हटलं की "हं", "अजून एक पोळी?" म्हटलं की "नको". बस. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. अंगावरचे शर्ट ढगळ व्हायला लागले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, मन रमवा. आता मन कसं रमवायचं? जुना टीव्हीही त्याच सुमारास बिघडला होता, आणि तो दुरुस्त करायचं नावसुद्धा बाबांनी काढलं नव्हतं. सतीश मला म्हणाला, "हे असंच चाललं तर बाबा आपल्या हाताला लागायचे नाहीत."

म्हणून दिवाळीच्या बोनसमधून आम्ही नवा टीव्ही आणला. मोठा, रिमोटवाला! तेव्हा रिमोट म्हणजे काय अप्रूप होतं, विचारू नका. त्याचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं नाही अशी सक्त ताकीद मी सतीशला दिली होती. रिमोटवरचं बटण दाबलं की स्क्रीनवर हिरवी पट्टी यायची. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, सगळं त्या पट्टीवर. टीव्हीच्या समोरच्या बटणांवर फक्त आवाज आणि चॅनल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवार होता. पिक्चर सेट करायला अख्खा मजला आमच्या खोलीत. शेजारच्या म्हात्रेकाकी तर पहिल्या. काकी मूळच्या सानपाडा गावातल्या, आवाज खणखणीत. "आगो, नवरीचा शालू लाल दिसाला पायजे, तवा खरा टीवी!" कोणी म्हणे ब्राइटनेस वाढवा, कोणी म्हणे डोळ्यांना त्रास होतो, कमी करा. मी म्हटलं, सरका सगळे बाजूला, हे माझं काम आहे. केबलवर एक रेसिपीचा कार्यक्रम लागला होता. मी स्वयंपाकघरातून एक टोमॅटो आणि एक लिंबू आणलं आणि स्क्रीनला लावून उभी राहिले. त्यांचा टोमॅटो, माझा टोमॅटो... थोडं खाली... थोडं वर... झालं मॅच! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! इतका सुरेख पिक्चर त्या बिल्डिंगमध्ये कोणाच्याच घरी नव्हता.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "कलर कमी आहे."

बाबा! कित्येक महिन्यांनी एक अख्खं वाक्य! ते उठले, माझ्या हातातून रिमोट घेतला, सतीशने बटण दाखवलं आणि बाबांनी ती हिरवी पट्टी नेली की थेट टोकाला. टोमॅटोचं कुंकू झालं. स्वयंपाक करणारी बाई शेंदूर फासल्यासारखी दिसायला लागली. माझ्या लॅबमधल्या साहेबांनी ते बघितलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं. पण मी आपला टोमॅटो खाली घेतला. सतीशचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं आणि बातम्या लावल्या. बघते तर पिक्चर फिका. पहिल्यांदा वाटलं केबलवाल्याचं काहीतरी असेल. पट्टी बघितली तर कलर बराच मागे आलेला. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट मात्र मी ठेवले होते तिथेच, जराही हललेले नव्हते. बाबा बाहेर आले, टॉवेल खांद्यावर, आणि जागीच उभे राहिले.

"कोणी केलं हे?"

"मी नाही बाबा."

"सतीश?"

"मी आत्ता उठतोय बाबा, मला कशाला विचारता?"

बाबांनी रंग परत फुल केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंग परत फिका. तिसऱ्या दिवशीही तेच. आता मला एक गोष्ट सांगू द्या, आणि ती मी नुसती सून म्हणून सांगत नाही, शेड बघणारी बाई म्हणून सांगते. रंग नुसता कमी नव्हता झाला. ओठ जेमतेम गुलाबी, गाल दुधात केशराची एकच काडी पडावी तसे. ती आईंची शेड होती. रोज सकाळी मी ती बघत आले होते, आणि माझा डोळा शेड विसरत नाही.

अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच स्वतःला दटावलं. म्हटलं, बाई, सॅम्पल तपास आधी! पहिला संशय अर्थातच बाबांवर. म्हणून एकदा झोपायच्या आधी बाबांनी कलर फुल केल्यावर मी रिमोटमधले सेल काढले, सगळं एका पाकिटात घातलं, लॅबमध्ये नमुना सील करतात तसं चिकटवलं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली आणि पाकीट माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत. सकाळी पाकीट जसंच्या तसं, सही जिथल्या तिथे. टीव्ही लावला. रंग फिका!

म्हात्रेकाकींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. "तुजी सासू हाय गो, आनकी कोन! नवरा-बायको भांडतान, तू कनाला मदी जातंस?" मी म्हटलं, काकी, तुमचं आपलं काहीतरीच.

पण घरात काय झालं होतं माहितीये? बाबा बदलले होते. सकाळी आंघोळ झाली की तरातरा टीव्हीसमोर. "बघा! परत कमी केला! काय म्हणायचं याला?" असं म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. मग चवीनं चहा प्यायचे, वर अर्धा कप मागून घ्यायचे. पोहे संपवायचे. खाली बाकड्यावर जाऊन बसायला लागले, स्टेशनपर्यंत फेरी मारून यायला लागले. मला वाटलं, चला, टीव्हीत मन रमलं.

सतीशचं मात्र टेन्शन वाढत चाललेलं. तो म्हणे सेटची मेमरी खराब आहे, एवढे पैसे घालून बिघडलेला पीस गळ्यात मारला. मला न विचारता त्याने दुकानातल्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने टीव्ही उघडला, सगळं तपासलं. कलर फुल केला, बटण बंद करून परत चालू केलं. फुलचा फुल. परत केलं. फुलचा फुल. "साहेब, पीस एकदम ओके आहे. पण तुमच्या मनात असेल तर दुसरा देतो, गॅरंटी आहे ना. टेम्पो खाली उभाच आहे."

सतीश म्हणाला, "बदलूनच द्या."

मेकॅनिकने वायर काढायला हात घातला आणि बाबा खिडकीजवळून उठले. उठले कसले, झेपावलेच! टीव्हीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"हात लावायचा नाही."

"बाबा, अहो नवीन देतायत ते. याचा रंग टिकत नाही..."

"टिकत नाही म्हणूनच ठेवायचा!" बाबा म्हणाले. "मी फुल करतो म्हणून ती कमी करते. नवीन आणलास आणि त्यात नाही आली तर?"

"कोण ती, बाबा?"

"तुझी आई, दुसरं कोण! माझ्या कलरला हात लावायची हिंमत या घरात दुसऱ्या कोणाची आहे?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला काय कळतंय रे त्या सीरियलमधलं? मी बघतसुद्धा नाही. सकाळी उठून फक्त एवढंच बघतो, येऊन गेली की नाही."

सतीश मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही पदर डोळ्यांना लावला. मेकॅनिक बिचारा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तसाच उभा. मी त्याला चहा दिला. जाताना तो बाबांना म्हणाला, "काका, सेट इथेच राहू द्या. काहीएक फॉल्ट नाही त्याच्यात."

त्यानंतर आमच्याकडे हे रोजचंच झालं. मीसुद्धा सकाळी फिका रंग बघून मनात म्हणायची, आल्या बाई! भीती? आपल्याच माणसाची कसली भीती.

मग त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. आई असताना तो कधी साजरा केल्याचं मला आठवत नाही. पण आदल्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी रिमोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रंग कमी केला. कमी करत करत बरोब्बर आईंच्या शेडवर आणला. मी बघतच राहिले. जरा लाजूनच म्हणाले, "उद्याचा दिवस होऊ दे तिच्या मनासारखं. काय बिघडतंय?"

सकाळी मीच टीव्ही लावला.

फुल! पट्टी थेट टोकाला. बातम्या देणाऱ्या बाईचा अगदी गुळांबा झालेला. मी तोंडावर हात ठेवून उभी, सतीश दारात उभा, आणि बाबा टॉवेल खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ त्या भडक रंगाकडे बघत राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडावर हसू होतं.

"हट्टी कुठली," म्हणाले. "आयुष्यात एकदा हार मानायला निघालो, तर तेही करू देईना."

मेकॅनिकला फॉल्ट सापडला नाही, माझं सील कोणी फोडलं नाही, आणि सासूबाई गेल्यात हे तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लॅबमध्ये असा रिपोर्ट मी कधीच पास केला नसता. त्या दिवशी आम्ही घरात शिरा केला आणि दिवसभर सगळ्यांनी टीव्ही तसाच, भडक बघितला. कोणी रिमोटला हात लावला नाही. रात्री झोपताना बाबा म्हणाले, "उद्या परत कमी करेल बघ."

आणि केला ना!