शनिवारी ती ‘छान’ म्हणायची

दातांच्या लॅबमध्ये तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे कवळीताई. तिला ते ठाऊक होतं. राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण बावीस वर्षं ती कवळ्याच करत होती. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, मग शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं. एवढ्या वर्षांत तिने किती जणांची बोळकी भरली याला गणती नाही, पण त्यातली दहा तोंडंसुद्धा तिने प्रत्यक्ष पाहिली नसतील.

घासायचं यंत्र दिवसभर किरकिरायचं. म्हणून ती हेडफोन लावायची. लोकांना वाटे, ताई जुनी भावगीतं ऐकत असणार. अंगावर फिक्या रंगाचे कपडे, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मोजून-मापून. प्रत्यक्षात ताईच्या कानात गिटारी कडाडत असत, ड्रमवाला हात धुऊन ड्रमच्या मागे लागलेला असे आणि कुणीतरी घसा फाटेस्तोवर ओरडत असे. मेटल. चौदा-पंधराव्या वर्षी दादाच्या खोलीच्या भिंतीतून ते पहिल्यांदा तिच्या कानावर आलं होतं. दादा तेव्हा कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम बडवायचा. पुढे त्याचं लग्न झालं, बँड मोडला. आता तो विमा विकतो आणि गाडीत बातम्या ऐकतो. त्याने टाकून दिलेली कॅसेटची पेटी ताईने उचलली, आणि ते वेड दादाला सोडून तिच्याकडे राहायला आलं ते कायमचं.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पंचविशीत असताना एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. “तुझ्यासारखी बाई आणि हे?” म्हणाली. तुझ्यासारखी म्हणजे कशी, हे विचारायचं ताईच्या जिभेवर आलं होतं. तिने विचारलं नाही. पुन्हा कुणाला सांगितलंही नाही.

मोजणीदार तिला भेटला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. तो जमिनी मोजायचा. घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली होती, आणि घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. एकदा डॉक्टर रजेवर होते, म्हणून तो वडिलांची कवळी रुमालात गुंडाळून थेट लॅबमध्येच घेऊन आला.

“बसत नाही म्हणतात. बोलताना वाजते.”

“कवळी एकटी आणून काय उपयोग? ज्यांची आहे त्यांना आणा.”

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन आला. आजोबा ऐंशीच्या पुढचे, कानांनी जवळजवळ गेलेले, पण आवाज खणखणीत. “अहो, मी तोंड उघडायच्या आधी हीच बोलायला लागते,” त्यांनी तक्रार केली. ताईने तीन ठिकाणी घासलं, बसवून पाहिलं, पुन्हा घासलं. आजोबांनी दोन्ही जबडे एकमेकांवर आपटून पाहिले आणि खूश होऊन म्हणाले, “आता कुठं मुकी झाली.”

आठवड्याने मोजणीदार पुन्हा दारात.

“आज काय बिघडलं?”

“काही नाही. आज सहज.”

ताईच्या आयुष्यात सहज म्हणून कुणी आलं त्याला फार वर्षं झाली होती.

त्या सहजचे पुढे चहा झाले, चहाचं फिरणं झालं, अहोजाहोचं अरेतुरे झालं. मोजणीदार शांत माणूस. रस्ता ओलांडताना न बोलता गाड्यांच्या बाजूला व्हायचा. तिच्या हाताला प्लास्टरने भेगा पडतात हे त्याने एकदाच पाहिलं आणि पुढच्या वेळी मलम आणलं. असा माणूस हातचा कोण घालवेल?

मग त्याने तिला मंडळात नेलं.

एका निवृत्त मास्तरांच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी दहा-बारा जण जमायचे आणि जुन्या तबकड्या ऐकायचे. संथ, एका आवाजाचं गाणं. एकेक सूर असा लांबत जाई, की ताईला वाटे, आता गाणारा मधेच जाऊन पाणी पिऊन आला तरी कळायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही. सगळे डोळे मिटून बसत. ताईनेही मिटले. डोळ्यांसमोर काहीच येईना, तेव्हा तिने ते किलकिले केले आणि समोरच्यांचे जबडे न्याहाळू लागली. मास्तरांची वरची पूर्ण कवळी, काम चांगलं, रंग चुकलेला. कोपऱ्यातल्या बाईंचा एक सुळा खोटा. अशी तिने दोन तासांत खोलीतली सगळी तोंडं तपासली.

बाहेर पडल्यावर मोजणीदाराने विचारलं, “कसं वाटलं?”

त्याचा चेहरा नुकता झोपेतून उठलेल्या लहान मुलासारखा मऊ झाला होता. त्या चेहऱ्याला काय सांगणार?

“छान,” ती म्हणाली.

तेवढ्यावर त्याचा आनंद गगनात मावेना. “मला वाटलंच होतं. सगळ्यांना नाही ते झेपत. तुझा कान तयार आहे.”

झालं. तयार कानाची बाई मग दर शनिवारी जाऊ लागली. वर्षभर गेली. चार शब्द तिने उचलले, मास्तर मान कधी हलवतात ते हेरून ठेवलं, आणि आपणही त्याच्या किंचित नंतर मान हलवू लागली. मोजणीदार तिच्या शेजारीच बसे, त्याची बाही तिच्या बाहीला लागे. तरी लॅबमध्ये एकटी बसून प्लास्टर कोरताना वाटत नसे इतकं एकटं तिला त्या खुर्चीवर वाटायचं.

गुपित फुटलं ते आजोबांकडून. एका रविवारी दुपारी मोजणीदार औषधं आणायला गेला होता आणि ताई त्यांच्या स्वयंपाकघरात हेडफोन लावून भांडी घासत होती. आजोबा मागून आले, तिच्या पायाचा ठेका पाहत उभे राहिले, आणि ती दचकून वळली तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

“मला बघू दे.”

“आजोबा, तुम्हाला नाही आवडणार.”

“काय?”

“नाही आवडणार!” ती ओरडली.

“ऐकू येणार की नाही याचीच बोंब आहे, आवडायचं पुढचं पुढं.”

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि आवाज वाढवला. आजोबांचा चेहरा आधी कोरा होता. मग भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं. “अगं, मला हे ऐकू येतंय!” सगळ्या बिल्डिंगला कळेल अशा आवाजात ते म्हणाले. “सगळं ऐकू येतंय! हा कोण बडवतोय?”

पोरगा घरी ती संथ तबकडी लावतो तेव्हा मला वाटतं घरातली वीज गेली, असं आजोबा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कानापर्यंत येऊन बोललं होतं, मग ते ओरडून का असेना. त्यानंतर दोघांचा खेळच झाला. मोजणीदार बाहेर गेला की आजोबा डोळे मिचकावून विचारत, “आणलंय?”

एकदा ती त्यांना म्हणाली, म्हणजे ओरडलीच, “त्याला सांगू नका.”

“का? आमच्या हिला माझी गाणी अजिबात सहन व्हायची नाहीत. मी लावली की ती धाडकन दार लावून घ्यायची. चाळीस वर्षं दार आपटलं तिने. संसार झालाच ना?”

दार आपटायला आधी घर आपलं वाटावं लागतं, असं काहीसं ताईच्या मनात आलं. ते एवढ्या मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

आणि मग एके दिवशी मोजणीदार लवकर परतला. टेबलाशी आजोबा हेडफोन लावून दोन चमच्यांनी ताट बडवत होते आणि ताई हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट दाबून, अंबाडा सुटून खांद्यावर आलेला. तो दारातच थांबला. तिचं लक्ष गेलं तेव्हा तो बराच वेळ उभा असावा.

त्याने आवाज चढवला नाही. खाली सोडायला आला तेव्हा जिन्यात एवढंच म्हणाला, “तू अशी हसतेस हे मला माहीतच नव्हतं.”

पुढच्या भेटीत त्याने स्वतःहून मागितलं, “मलाही ऐकव.” ताईने जिवापाड आवडणारं एक गाणं निवडलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. सात मिनिटांचं गाणं. तो ताठ बसला, डोळे मिटले. मधल्या धुमाळीत त्याच्या कपाळाची शीर उडाली, पण त्याने डोळे उघडले नाहीत. शेवटी त्याने हेडफोन काढले, नीट घडी घालून परत दिले आणि म्हणाला, “छान आहे.”

तो ‘छान’ तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

“तुला आवडलं नाही.”

“छान आहे म्हटलं ना.”

“मीही वर्षभर तेच म्हणत होते.”

बागेच्या बाकावर बसले होते दोघं. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन दोनदा गेली.

“मी ऐकताना मधेच तुझ्याकडे बघायचो,” तो म्हणाला. “एखादी जागा अशी येते ना, की अंगावर काटा येतो. तेव्हा वाटायचं, हिलाही आला असेल. मला तेवढंच हवं होतं गं. आता मागे वळून बघतो तर त्या खोलीत मी एकटाच बसलेला दिसतो.”

“मीही एकटीच बसले होते,” ताई म्हणाली. “तुझ्या शेजारी.”

भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. दोघं समजूतदार, दोघांनी समजुतीने तोडगा काढला. त्याने शनिवारी एकट्याने मंडळात जायचं, तिने जायचं नाही, नंतर जेवायला भेटायचं. आवडीनिवडीवरून कुणी माणूस सोडतं का, असं दोघंही एकमेकांना सांगत राहिले. पण तो मंडळातून भरलेल्या घागरीसारखा यायचा आणि तिला कंटाळा येईल म्हणून एक थेंब सांडू द्यायचा नाही. ती दिवसभर काय ऐकलं ते त्याचं डोकं दुखेल म्हणून गिळून टाकायची. मग ऊन किती वाढलंय, रस्ता कुठे खणलाय, यावर बोलणं यायचं. पूर्वी खोटं का होईना, पण गाण्यावर तासभर बोलत तरी होती दोघं.

भेटी पंधरवड्यावर गेल्या, मग महिन्यावर. कुणी कुणाला सोडलं हे सांगता यायचं नाही. एका महिन्यात त्याने फोन केला नाही, तिनेही केला नाही, आणि पुढच्या महिन्यात फोन करायला कारण शोधावं लागलं असतं.

आजोबांना त्यांची मुलगी आपल्या गावी घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी ताईला फोन केला. “मला तुझं काही ऐकू येणार नाही,” ते म्हणाले, “म्हणून मीच बोलतो.” पाच मिनिटं बोलले. पोरगा हल्ली जेवताना गप्प असतो, मुलीकडे जिना फार आहे, तू तब्येत सांभाळ. “बरी आहेस ना? असशील.” आणि ताई “आहे, आहे” म्हणून ओरडत असतानाच त्यांनी फोन ठेवला.

शनिवार मोकळे झाले, तेव्हा ते किती लांब असतात हे तिला कळलं. तिने पडदे धुतले, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. दादाकडे दोन शनिवार जाऊन आली. वहिनीने विचारलं, “त्या मोजणीवाल्याचं काय झालं?” “नाही जमलं,” ताई म्हणाली. “कशावरून?” याला काय सांगायचं? गाण्यावरून म्हटलं असतं तर वहिनी हसली असती, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. पहिल्याच शनिवारी आपण म्हटलं असतं, “मला झोप आली, पण तुझा चेहरा बघायला मजा आली,” तर? कदाचित तो हिरमुसला असता. कदाचित हसला असता. ते आता कुणाला विचारणार?

थंडीत तिच्या आवडीच्या एका बँडचा कार्यक्रम बसने दोन तासांवरच्या शहरात होता. तीस वर्षं ऐकत आली होती, एकदाही समोर उभं राहून ऐकलं नव्हतं. तिने तिकीट काढलं आणि दुपारच्या बसने गेली. मैदानात निम्म्या वयाची पोरं-पोरी, काळे शर्ट, मोकळे केस. अंबाडा घातलेली एकटीच. पहिला ड्रम वाजला आणि तो पायाच्या तळव्यातून वर छातीत शिरला. ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं.

मग ते सात मिनिटांचं गाणं आलं. त्यात मधेच एका ठिकाणी सगळं थांबतं, श्वासभर, आणि मग कोसळतं. ते थांबलं तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तिने नकळत उजवीकडे पाहिलं. उजवीकडे एक अनोळखी मुलगी डोळे मिटून मान हलवत होती. ताईने पुन्हा समोर पाहिलं. गाणं कोसळलं तेव्हा ती रडत होती, पण तिथे ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

सोमवारी लॅबमध्ये प्लास्टरवाल्या बाईंनी विचारलं, “परवा फोन लावला होता, उचलला नाहीस. कुठे होतीस?”

“कार्यक्रमाला गेले होते. गिटारी, ड्रम, आरडाओरडा असतो ना, तसला.”

बाईंचा प्लास्टर ढवळणारा हात थांबला. “तू?”

“मीच. लहानपणापासून ऐकते.”

“अगं बाई! त्याने तर डोकं उठतं.”

“उठतं काहींचं.”

“आणि कुणाबरोबर गेलीस?”

“एकटीच.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, पण भांड्यातलं प्लास्टर घट्ट होत चाललं होतं. “पुढच्या वेळी जाशील तेव्हा सांगून जा,” त्या घाईने ढवळत म्हणाल्या. “मी काही यायची नाही. पण सांगून जा.”

“सांगेन,” ताई म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं.